जुने सीएनसी मिलिंग मशीन : पारखावे कसे, चालू करावे कसे



आमच्याकडे पालक अधूनमधून एक प्रश्न घेऊन येतात. मुलगा आयटीआय करून देवासला किंवा पीथमपूरला नोकरीस लागलेला असतो. चार-पाच वर्षे दुसऱ्याच्या मशीनवर काम केल्यावर त्याला वाटते की आता घरच्या शेडमध्ये आपले स्वतःचे मशीन असावे. नवे सीएनसी मशीन आवाक्याबाहेर असते. मग कोणीतरी सांगते की अमक्या कारखान्यात एक जुने मिलिंग मशीन निघाले आहे, स्वस्तात मिळेल. बचत मोडून, प्रसंगी घरातले सोने गहाण ठेवून ते घ्यावे का?

या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. पण ते शोधण्याची रीत सांगता येते. या पाठात आपण तीच रीत पाहणार आहोत. वरच्या वर्गांतील मुलांना यात भूमिती, विद्युत आणि व्यवहारी गणित, तिन्ही विषय एकत्र भेटतील.

१. मशीन आणि त्याचे दोन भाग

मिलिंग मशीनमध्ये कटर फिरतो आणि टेबलावर घट्ट बांधलेला जॉब त्याच्याखाली सरकतो. साध्या मशीनवर कारागीर हाताने चाके फिरवून टेबल सरकवतो. सीएनसी मशीनवर हेच काम मोटारी करतात आणि त्यांना हुकूम देतो तो संगणक, म्हणजे कंट्रोल. 'जी०१ एक्स५० एफ१००' अशी एक ओळ लिहिली की कटर सरळ रेषेत, मिनिटाला १०० मिलिमीटर या वेगाने, एक्स अक्षावरच्या ५० या ठिकाणी जातो.

या विद्येचा जन्म अमेरिकेत झाला. जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवरून तिथल्या एमआयटी संस्थेने हवाईदलासाठी असे मशीन तयार केले आणि १९५२ साली ते लोकांना दाखवले. महत्त्वाची गोष्ट अशी की मूळ मिलिंग मशीन नेहमीचेच होते. सिनसिनाटी कंपनीच्या तयार मशीनला त्यांनी मोटारी आणि काचेच्या व्हॉल्व्हनी भरलेली कपाटे जोडली. हुकूम मिळत ते कागदी पट्टीवरच्या भोकांतून. म्हणजे पहिल्या दिवसापासून या मशीनचे दोन भाग वेगळे आहेत. एक लोखंडाचा आणि दुसरा विजेचा.

आपल्या पाठाचा गाभा याच फरकात आहे. लोखंड सावकाश झिजते, पण एकदा झिजले की ते दुरुस्त करणे फार महाग पडते. विजेचा भाग लवकर म्हातारा होतो, पण तो बदलता येतो. म्हणून जुने मशीन घेताना लोखंड पारखून घ्यायचे आणि विजेच्या भागातली माहिती जपून आणायची. बहुतेक लोक नेमके उलट करतात. पडदा पेटला, दिवे लागले, की खूश होतात आणि बेडवर बोट फिरवून पाहत नाहीत.

२. आधी काम, मग मशीन

मशीन स्वस्त मिळते म्हणून घ्यायचे नसते. त्यावर कोणते काम करणार, हे आधी कागदावर लिहावे.

आपले भैरवगढ छापकामासाठी आणि बाटिकसाठी प्रसिद्ध आहे. उज्जैनच्या बाटिकला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे इथल्या तरुणांच्या मनात पहिला विचार हाच येतो की सीएनसीवर छपाईचे लाकडी ठसे कोरावेत. विचार चांगला आहे, पण त्यासाठी जुने धातूकामाचे मिलिंग मशीन योग्य नाही. ठशावरची बारीक वेल कोरायला अगदी लहान कटर लागतो आणि लहान कटर खूप वेगाने फिरावा लागतो. जुन्या मिलिंग मशीनचा स्पिंडल बहुधा मिनिटाला चार ते सहा हजार फेऱ्यांपर्यंतच जातो. शिवाय लाकडाचा भुसा सरकत्या भागांवरच्या तेलात बसतो, तेल शोषून घेतो आणि वंगणाच्या वाटा बुजवतो. लाकडासाठी हलके, वेगवान राउटर मशीन वेगळे मिळते, आणि ते स्वस्तही असते. ठशाची नक्षी ज्याच्या डोळ्यांत आणि हातांत आहे तो कारागीर तर दोन्ही प्रकारांत लागतोच.

मग जुन्या मिलिंग मशीनला काम कोणते? पंपांचे आणि शेती अवजारांचे सुटे भाग, मोटारीच्या फ्लँजेस, जिग-फिक्श्चर, प्लास्टिकच्या लहान साच्यांच्या प्लेटा, दुरुस्तीसाठी लागणारा एखाद-दुसरा भाग. किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना देवासला आहे. अशा मोठ्या कारखान्यांभोवती लहान जॉबवर्क करणाऱ्यांची साखळी तयार होते. आपल्याला कोण काम देणार, जॉबचा आकार किती, माप किती काटेकोर, ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय मशीन पाहायलासुद्धा जाऊ नये. जॉबमध्ये ०.०५ मिलिमीटरची सूट असेल तर थोडे झिजलेले मशीन चालेल. सूट ०.०१ ची असेल तर चालणार नाही.

३. खरी किंमत किती?

आता थोडे व्यवहारी गणित करू. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव विचारून ते बदलावेत.

समजा मशीनची किंमत ४,००,००० रुपये ठरली. क्रेन आणि ट्रकचे ४०,०००. ट्रान्सफॉर्मर, वायरिंग व अर्थिंगचे ६०,०००. बॅटऱ्या, तेल, नळ्या, वायपर यांचे २५,०००. स्पिंडलचे बेअरिंग बदलावे लागले तर बाजूला ठेवलेले ६०,०००. टूल होल्डर, वाईस आणि कटर यांचे ७५,०००. वरचा खर्च २,६०,००० झाला आणि एकूण ६,६०,०००. म्हणजे मशीनची किंमत एकूण खर्चाच्या सुमारे ६१ टक्केच आहे.

ज्याच्याकडे चार लाख आहेत त्याने चार लाखांचे मशीन घेतले, तर ते शेडमध्ये प्लास्टिकखाली झाकून राहते आणि हप्ते मात्र चालू राहतात. चार लाख असतील तर अडीच लाखांपर्यंतचेच मशीन पाहावे. शिवाय मशीन आल्यापासून पहिला विकाऊ जॉब निघेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. त्या काळातला घरखर्च आणि हप्ता वेगळा काढून ठेवावा. नोकरी असेल तर तोवर सोडू नये.

४. पाहायला जाताना

सोबत एक अनुभवी फिटर, एक डायल गेज, चुंबकी स्टँड, टॉर्च आणि वही घ्यावी. मशीन चालू स्थितीत पाहण्याचा आग्रह धरावा. विकणाऱ्याला आधीच सांगावे की आम्ही येण्यापूर्वी मशीन चालवू नका. थंड मशीन सुरू होताना जे आवाज करते, ते गरम झाल्यावर लपतात.

(अ) बेड आणि स्लाइड : मशीन बनवताना सरकत्या पृष्ठभागांवर हाताने स्क्रेपिंग केलेले असेल तर त्यावर चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा असतात. त्यांत तेल धरून राहते. टोकांना खुणा स्पष्ट आणि मधोमध पूर्ण गुळगुळीत असे दिसले, तर मशीन मध्यभागी झिजले आहे. खोल ओरखडे असतील तर वायपर फाटून चिप आत गेली असे समजावे. ज्या मशीनला लिनिअर गाइड असतात तिथे स्क्रेपिंग नसते. तिथे टेबल सरकताना खरखर किंवा अडखळणे जाणवते का ते पाहावे.

(आ) बॅकलॅश : टेबल सरकवणाऱ्या बॉल स्क्रूमध्ये ढिलाई आली की दिशा बदलताना काही हालचाल वाया जाते. ती मोजणे सोपे आहे. डायल गेज टेबलाला टेकवावा. टेबल एका दिशेने थोडे सरकवून ढिलाई काढून टाकावी आणि डायल शून्यावर आणावा. त्याच दिशेने ०.१० मिलिमीटर पुढे जाण्याचा हुकूम द्यावा. डायल ०.१० दाखवेल. आता ०.१० मागे येण्याचा हुकूम द्यावा. डायल शून्यावर यायला हवा. तो ०.०४ वर थांबला, तर बॅकलॅश ०.०४ मिलिमीटर आहे.

ही चाचणी टेबलाच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी, तीन ठिकाणी करावी. विकणारा म्हणेल, 'कंट्रोलमध्ये बॅकलॅशची भरपाई टाकता येते.' ते खरे आहे. पण भरपाईचा आकडा सहसा संपूर्ण अक्षासाठी एकच असतो. मध्यभागी ०.०४ आणि टोकांना ०.०१ ढिलाई असेल, आणि आपण ०.०४ ची भरपाई टाकली, तर टोकांना ०.०३ ची नवी चूक तयार होते. सगळीकडे सारखी ढिलाई असेल तर दोष बहुधा बेअरिंगचा किंवा नटचा, आणि तो दुरुस्त होतो. जागोजागी वेगळी असेल तर स्क्रूच झिजला आहे.

(इ) स्पिंडल : आतला निमुळता भाग कापडाने पुसून टॉर्चच्या उजेडात पाहावा. गंजाचे खड्डे किंवा टूल फिरल्याच्या कड्या नसाव्यात. तपासणीचा मँड्रेल बसवून तो हाताने फिरवावा आणि डायल स्पिंडलच्या तोंडाशी व ३०० मिलिमीटर खाली लावावा. तोंडाशी एक शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हेलकावा दिसला तर सावध व्हावे. नंतर स्पिंडल अर्धा तास मध्यम वेगाने चालवावा. तो कोमट होणे ठीक. हात ठेववत नसेल किंवा घरघर वाढत असेल, तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे. टूल पकडून धरणाऱ्या स्प्रिंग वॉशरांची पकडही तपासून घ्यावी. ती सैल पडली तर काम चालू असताना टूल खाली सरकते.

(ई) वंगण : तेलाची टाकी भरलेली असणे पुरेसे नाही. प्रत्येक स्लाइडवर तेलाचा ओला थर येतो का, हे बोट लावून पाहावे. लहान नळ्या आणि त्यांतले मोजमापाचे व्हॉल्व्ह बुजलेले असतात. पंप चालतो, पण तेल पोचत नाही. ज्या अक्षाला तेल मिळाले नाही तो झिजलेला असणारच.

एवढे पाहून झाल्यावर एखादा ॲल्युमिनिअमचा तुकडा बांधून त्यावर गोल कापून घ्यावा. वर्तुळाच्या चार बिंदूंवर, म्हणजे जिथे अक्षाची दिशा बदलते तिथे, पायरीसारखी खूण उमटली तर बॅकलॅशचा पुरावाच हातात आला. हा तुकडा घरी आणून जपून ठेवावा. दुरुस्तीनंतरच्या तुकड्याशी तुलना करायला तो उपयोगी पडतो.

५. वीज तोडण्याआधी

या पाठातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रत्येक मशीनची स्वतःची अशी शेकडो पॅरामीटर असतात. अक्ष किती लांब, मोटार किती वेगाने, होम कुठे, स्क्रूच्या चुका कुठे किती. जुन्या कंट्रोलमध्ये हे सारे बॅटरीच्या आधारावर टिकणाऱ्या स्मृतीत असते. कारखाना बंद पडला, मशीन वर्षभर तसेच राहिले, बॅटरी संपली, की ही स्मृती पुसली जाते. लोखंड शाबूत, मोटारी शाबूत, पण मशीनला आपण कोण आहोत तेच आठवत नाही.

म्हणून सौदा ठरला की मशीन सोडवण्याआधी पुढील कामे करावीत :

– पॅरामीटर, भरपाईचे तक्ते आणि प्रोग्रॅम सीरिअल पोर्टमधून संगणकावर उतरवून घ्यावेत. दोन ठिकाणी जपावेत.
– पडद्यावरच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढावे. फाइल उघडली नाही तर हेच कामी येते.
– पॅनेलच्या दारामागे किंवा कप्प्यात पॅरामीटरची छापील यादी असते. ती, विद्युत आकृत्या आणि सर्व पुस्तके मागून घ्यावीत. हे कागद द्यायला विकणारा तयार नसेल तर किंमत कमी करावी किंवा सौदा सोडावा.
– बॅटरी बदलायची असेल तर कंट्रोल चालू ठेवून बदलावी. बहुतेक कंट्रोलमध्ये वीज बंद असताना बॅटरी काढली की स्मृती जाते. मशीनचे पुस्तक पाहूनच हे काम करावे. पॅनेल उघडे आणि वीज चालू असते, म्हणून ते जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.
– प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी लावावी आणि मगच ती सोडवावी.

अर्ध्या दिवसाचे हे काम केले नाही तर पुढे महिनेच्या महिने जातात.

६. आणणे, बसवणे, वीज

मिलिंग मशीनचे वजन काही टन असते. पुस्तकात दाखवलेल्या ठिकाणीच पट्टे लावून ते उचलावे. टेबल मध्यभागी आणून, स्पिंडलच्या हेडखाली लाकडी ठोकळा ठेवून सर्व अक्ष बांधावेत. आपल्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत क्रेन आत येत नाही. तेव्हा मशीन मोठ्या रस्त्यावर उतरवून पाइपांच्या रोलरवरून न्यावे लागते. त्यासाठी वाटेची रुंदी, वळण आणि दाराची उंची आधी टेपने मोजावी. वजनाखाली कधीही हात किंवा पाय घालू नये.

जमीन पक्की काँक्रीटची हवी. मशीन पायांच्या स्क्रूंवर उभे करून लेव्हल करावे. यासाठी गवंड्याची लेव्हल चालत नाही. मीटरला ०.०२ मिलिमीटर फरक दाखवणारी लेव्हल लागते. एकदा लेव्हल केल्यावर काही दिवसांनी पुन्हा पाहावे, कारण नवी जमीन बसते.

घरातल्या सिंगल फेजवर असे मशीन चालत नाही. थ्री फेज जोडणी आणि पुरेसा मंजूर भार लागतो. त्यासाठी वीज वितरण कंपनीकडे मशीन येण्याआधीच अर्ज करावा. आपल्याकडे थ्री फेज ४१५ व्होल्टचा असतो, तर जपानी मशीन बहुधा २०० ते २२० व्होल्टची असतात. नावाची पाटी वाचूनच ट्रान्सफॉर्मर घ्यावा. तिन्ही फेजचा क्रम उलटा झाला तर कूलंट आणि हायड्रॉलिकचे पंप उलटे फिरतात, म्हणून पहिल्यांदा तो तपासावा. अर्थिंग स्वतंत्र आणि मोजून घेतलेले असावे.

७. जागे करण्याचा क्रम

मशीन बसले की सर्वांना घाई होते. बटण दाबून पाहायचे असते. इथे थांबावे. क्रम असा ठेवावा : आधी सफाई, मग वंगण, मग भूमिती, मग वीज, आणि शेवटी कापकाम.

जुने कूलंट आणि तेल काढून टाकावे. ते गटारात किंवा शिप्रेत जाता कामा नये. वापरलेले तेल डब्यात साठवून परवानाधारक व्यावसायिकालाच द्यावे. पॅनेलमधली धूळ कोरड्या ब्रशने व व्हॅक्यूमने काढावी. सर्व वंगण नळ्या सोडवून तेल येते का पाहावे. वायपर नवे लावावेत, ते स्वस्त असतात आणि स्लाइड वाचवतात.

मग भूमिती. डायल स्पिंडलला बांधून टेबलावर गोल फिरवला की स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे की नाही ते कळते. ग्रॅनाइटच्या गुण्यावरून एक्स आणि वाय अक्षांमधला काटकोन पाहावा. जे वाकडे आहे ते आधी लोखंडात सरळ करावे. संगणकातली भरपाई त्यानंतर.

या क्रमाचे एक थोर उदाहरण आपल्या उज्जैनमध्येच आहे. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली इथली वेधशाळा पुढे दुर्लक्षित झाली होती. १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या काळात तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे अधीक्षक होते. आपल्या समाजाला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. तिथल्या सम्राट यंत्राची तिरकी भिंत उज्जैनच्या अक्षांशाएवढ्या, म्हणजे सुमारे २३ अंशांच्या कोनात, बरोबर उत्तर दिशेला असावी लागते. तिथे मोटार नाही, कंट्रोल नाही. सारी अचूकता चुना-दगडाच्या भूमितीत आहे. भिंत कोनात नसेल तर वर कितीही सुंदर गिलावा केला तरी सावली चुकीचीच वेळ सांगेल. मिलिंग मशीनलाही हेच लागू पडते. नवा रंग आणि नवा पडदा म्हणजे गिलावा. मुलांनी वेधशाळेला भेट द्यावी तेव्हा या दृष्टीने यंत्रे पाहावीत.

भूमितीनंतर वीज. अनेक वर्षे बंद असलेल्या ड्राइव्हमधले कपॅसिटर सुकलेले असतात. एकदम पूर्ण दाब दिला तर ते फुटू शकतात. जाणत्या विद्युत तंत्रज्ञाकडून ते तपासून किंवा बदलून घ्यावेत. कंट्रोल पेटल्यावर पॅरामीटर यादीशी ताडून पाहावेत. मग एकेक अक्ष सर्वांत कमी वेगाने, हात इमर्जन्सी बटणावर ठेवून, सरकवावा. लिमिट स्विच हाताने दाबून मशीन थांबते का ते पाहावे. सर्व ठीक असेल तर आधी मेण किंवा फोम, मग ॲल्युमिनिअम, आणि शेवटी पोलाद कापावे.

८. कंट्रोलच मेला असेल तर

लोखंड उत्तम आणि कंट्रोल बंद, अशी मशीन सर्वांत स्वस्त मिळतात. जाणत्यासाठी हा चांगला सौदा असू शकतो. जुना कंट्रोल काढून नवा बसवणे, याला रेट्रोफिट म्हणतात. बाजारात नामवंत कंपन्यांचे नवे कंट्रोल मिळतात. 'लिनक्ससीएनसी' नावाची विनामूल्य प्रणालीही आहे. तिचे मूळ अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेच्या प्रकल्पात आहे. ती साध्या संगणकावर चालते आणि शिकणाऱ्याला आतून समजते.

मात्र विनामूल्य प्रणाली म्हणजे विनाखर्च रेट्रोफिट नव्हे. मोटारी, ड्राइव्ह, केबल, पॅनेल आणि कित्येक संध्याकाळी द्याव्या लागतात. ज्याला विद्युत आकृती वाचता येत नाही त्याने एकट्याने या वाटेला जाऊ नये. इंदूरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांत सीएनसीचे प्रशिक्षण मिळते. आधी शिकावे, मग पाना उचलावा.

९. हात सांभाळा

जुन्या मशीनमध्ये एक दोष वारंवार आढळतो. दार उघडे असताना मशीन थांबवणारा स्विच कोणीतरी वायर जोडून निकामी केलेला असतो. काम लवकर व्हावे म्हणून. इमर्जन्सी बटणही कधी कधी तसेच असते. मशीन चालू करणे म्हणजे ही बटणे आणि स्विचसुद्धा चालू करणे. ती दुरुस्त झाल्याशिवाय स्पिंडल फिरवू नये, मग ऑर्डर कितीही घाईची असो.

हातमोजे घालून फिरत्या कटरजवळ जाऊ नये. सैल बाही, गळ्यातला दोरा, ओढणी, अंगठी काढून ठेवावी. चिप हाताने नव्हे, ब्रशने काढाव्यात. पॅनेलची वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटे दाब राहतो, म्हणून लगेच आत हात घालू नये. मशीन दुसरे मिळेल, बोटे मिळत नाहीत.

१०. थोडक्यात

जुने मशीन घेणे हे धाडस नव्हे आणि कमीपणाही नव्हे. ज्याने काम आधी ठरवले, पैसे वरखर्चासह मोजले, लोखंड डायलने तपासले, पॅरामीटर जपून आणले आणि घाई केली नाही, त्याला जुने मशीन अनेक वर्षे साथ देते. शिवाय दुरुस्त करता करता तो मशीन आतून शिकतो. पुढे मध्येच ते बंद पडले तर त्याला कोणाची वाट पाहत बसावे लागत नाही. आणि तपासणीत लोखंडच झिजलेले निघाले, तर रिकाम्या हाताने परत येणे हासुद्धा फायद्याचाच व्यवहार आहे. पालकांनी अशा दिवशी मुलाला 'गाडीभाडे वाया गेले' असे म्हणू नये. त्या दिवशी घरातले सोने वाचलेले असते.

स्वाध्याय

१. एका मशीनवर डायल शून्यावर आणून ०.२० मिलिमीटर पुढे व ०.२० मागे असे हुकूम दिले. शेवटी डायल ०.०६ दाखवतो. बॅकलॅश किती? जॉबची सूट ०.०५ असेल तर हे मशीन चालेल का?

२. तुमच्याकडे एकूण ५,००,००० रुपये आहेत. वरखर्च मशीनच्या किमतीच्या ६५ टक्के येतो. जास्तीत जास्त किती किमतीचे मशीन घेता येईल? (सूचना : किंमत 'क' मानून समीकरण मांडा.)

३. मध्यभागी ०.०५ आणि टोकांना ०.०२ बॅकलॅश असताना कंट्रोलमध्ये ०.०५ भरपाई टाकली. टोकांना काय होईल, ते आकृती काढून सांगा.

४. वेधशाळेतील सम्राट यंत्र आणि मिलिंग मशीन यांच्या अचूकतेत साम्य कोणते? पाच-सहा ओळींत लिहा.

५. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या कारागिराला विचारा : त्यांच्याकडे सर्वांत जुने हत्यार किंवा यंत्र कोणते, ते केव्हा घेतले, आणि त्याचा कोणता भाग आजवर बदलला? उत्तर वहीत लिहून वर्गात वाचून दाखवा.